जुळ्यातलं पहिलं

त्याने करंगळी कोकराच्या तोंडात घातली आणि वाट पाहिली. तोंड गार होतं. जीभ बोटाभोवती वळली नाही. कोरड्या पोत्याने त्याने अंग पुन्हा खसाखसा चोळलं, उभं करून पाहिलं. चारी पाय फाकले. जुळ्यातलं मागून आलेलं केव्हाच धडपडत आईला लुचलं होतं, शेपूट हलवत चीक पीत होतं. या पहिल्याला मेंढीने एकदा हुंगलं आणि पाठ फिरवली.

थोरला भाऊ शेडच्या दारातूनच म्हणाला की याच्यात काही राम नाही, पलीकडे एक मेंढी अडली आहे, तिकडे चल. तो जागचा हलला नाही. पूर्वी नुसतं उचलून तो सांगायचा, हे तगेल की नाही. यंदा त्याच्या तोंडून ‘नाही’ निघतच नव्हतं. नळीने दूध पाजलेली मरतुकडी कोकरं तो घरात शेगडीपाशी नेऊन ठेवी, आणि ती एकेक करून जात. थंडीच्या तोंडाशी त्याला मुलगी झाली होती. ती रडलीच नाही. आईने न बघितलेलंच बरं, असं दवाखान्यात वडीलधाऱ्यांनी ठरवलं, आणि तोही गप्प राहिला.

बायको तेव्हापासून शेडकडे फिरकली नव्हती. आज चहा घेऊन आली, तशी किटली खाली ठेवून कोकराजवळ वाकली. त्याच्या छातीवर हात ठेवून बराच वेळ थांबली.

“हे नाही राहायचं,” ती म्हणाली.

“अजून थोडं चोळून बघतो.”

“पुरे आता. त्याला त्रास होतोय.”

ती पेंढ्यात बसली, कोकरू मांडीवर घेऊन तिने शालीचं टोक त्याच्यावर ओढलं. नवऱ्याला म्हणाली, तुम्ही जा तिकडे, मी आहे इथे. तो उठला. किटलीपर्यंत गेला.

“ती कशी होती,” मागून ती म्हणाली, “मला कुणी सांगितलंच नाही.”

तो तसाच उभा राहिला. मग परत येऊन तिच्याशेजारी बसला.

“जावळ दाट होतं,” तो म्हणाला. “ओलं होतं अजून. हनुवटी तुझी.”

भाऊ त्याला बोलवायला पुन्हा दारात आला. दोघांकडे पाहिलं, आणि एकटाच अडलेल्या मेंढीकडे परत गेला.

“आणखी?” तिने विचारलं.