लुईसची शेवटची सहा गाणी

आपल्याच घरातलं गाणं माणसांना परकं का वाटतं? मी लुईसला विचारलं, त्याच्या बायकोला, सालोमीला विचारलं, दुकानदारालाही विचारलं. 

मी तीन तबकड्यांचा संच बोलतोय, जाड पुठ्ठ्याच्या वहीत राहणारा. गायक लुईस, गाव राजोडी, साल एकोणीसशे त्रेपन्न. मला वाचता येत नाही; माझ्या पोटावरची ही अक्षरं बेलाने वाचून दाखवली. बेला लुईसची मुलगी. मला घरी आणलं त्या दिवशी तो तिला म्हणाला होता, "बाय, हा तुझा धाकटा भाऊ."

माझ्याआधी लुईसची एक तबकडी घरोघर वाजली होती. चांदण्यावरचं, शहरी मराठीतलं गाणं. वसई स्टेशनवरचे हमालसुद्धा ते गुणगुणत. पुढे नवे गळे आले, लुईसला खोकला लागला, तबकड्यांच्या कंपनीचं बोलावणं थांबलं. तेव्हा त्याने हट्टाने एक शेवटचं काम मागून घेतलं. गावच्या बोलीतली लग्नाची गाणी. नवरीच्या आंघोळीचं पाणी आणायला बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, तेव्हा म्हणतात ती.

मुंबईवाल्यांना बोली कळली नाही. त्यांचं एक वेळ सोडा. पण गाव? शेजारच्या फ्लॉसीमावशीने पहिलं गाणं ऐकलं आणि तोंडाला पदर लावला.

"लुईस, हे तर मी फुकट म्हणते. तुझं यंत्र काय घागर घेऊन विहिरीवर जाणार?"

सगळे हसले. लुईसही हसला.

"तू गेल्यावर कोण म्हणेल, मावशी?"

"मला आधीच पोचवू नकोस रे. ते चांदण्याचं लाव."

त्याने लावलं. मला हात असते तर ती तबकडी मी तिथल्या तिथे फोडली असती.

दुकानांतले न खपलेले संच सुतळीने बांधून परत आले. दोन वर्षांनी खोकल्यानेच लुईस गेला. सातव्या दिवशीच्या चर्चमधल्या मिस्सानंतर गाव घरी जमलं. "काय गळा होता," फ्लॉसीमावशी रडत म्हणाली, आणि कोणीतरी चांदण्याचं गाणं लावलं. त्याने शेवटी काय गायलं, हे एकानेही विचारलं नाही. मी हाताच्या अंतरावर होतो. त्या माणसांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तुमच्या घरात कोणी गात असेल तर तो असेपर्यंत त्याचं एक गाणं शेवटपर्यंत ऐका. मला एवढंच म्हणायचं आहे.

मग तबकड्या वाजवायचं यंत्र, आमचा फोनो, विकला गेला. सालोमी बेलाला घेऊन दुसऱ्यांच्या केळीच्या वाडीत कामाला जाऊ लागली. माझ्या दोन तबकड्या लोणच्याच्या बरण्यांवर झाकण म्हणून गेल्या, मधल्या भोकात चिंधी कोंबून. तिसरी तेवढी वहीत राहिली. विहिरीच्या पाण्याचं गाणं तिच्यावरच होतं.

एका दुपारी कोयत्याचं पातं मुठीतून निसटलं आणि बेलाच्या पायाशेजारी मातीत रुतलं. मूठ पुन्हा बसवायला लाख लागते. तबकडी लाखेची असते, हे लुईसनेच सालोमीला कौतुकाने सांगितलं होतं.

"आय, ते बाबाचं आहे."

"आणि तुझा पाय माझा आहे."

"निदान एकदा वाजवून मग मोड."

"कशावर वाजवू, बाय?"

 सालोमीने मला उंबऱ्यावर आपटलं, तुकडे खलबत्त्यात कुटले आणि भुकटी मुठीच्या भोकात भरली. पात्याचं मुठीत बसणारं शेपूट चुलीत लाल करून आत खुपसलं. मी वितळलो. लुईसचा आवाज माझ्याच धुरात गेला. सालोमी डोळे न पुसता, मूठ गार होईपर्यंत, दोन्ही हातांनी दाबून बसली.

दुसऱ्या दिवशी बेलाने केळीच्या खोडावर कोयता घातला. पात्याला मुठीतून बाहेर जोराचा हिसका बसला. मी सोडलं नाही.