निरूपणात वाजलेला टाळ

या मित्रांनो, असे जवळ सरका. माझ्या पंख्याची घरघर मोठी आहे, लांबून तुम्हाला नीट ऐकू यायचं नाही. माझ्या पोटात एक चोपदार राहतो. त्यानं एका भल्या माणसाचा आवाज कसा राखला, ते आज सांगतो.

मी एक जुना संगणक आहे. वाळूजच्या एका कारखान्यात कामगारांची हजेरी लावता लावता माझी उमर झाली. नवी यंत्रं आली आणि मला अडगळीत टाकलं. तिथून सोमनाथनं मला उचलून बजाजनगरच्या आपल्या दोन खोल्यांत आणलं. त्याची बायको मंजुषा छावणी भागातल्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात काम करते. तिनं माझी धूळ झाडली आणि सासरे बद्रीनाथ यांचा ठेवा माझ्या हवाली केला.

तो ठेवा म्हणजे देवगाव रंगारीच्या कडुबा महाराजांची कीर्तनं. मागच्या दुष्काळात गाव हंडे मांडून टँकरची वाट बघत बसे, तेव्हा महाराज त्या रांगेपुढंच कीर्तनाला उभे राहत. बद्रीनाथ त्यांच्या मागं टाळ धरत आणि आवाज टिपायला खिशातला मोबाइल चालू ठेवत. आता महाराज नाहीत, तो मोबाइलही नाही. त्यांचा आवाज उरला तो फक्त माझ्या डिस्कवर. पुण्यतिथीला तो गावाला ऐकवायचा, असं बद्रीनाथांनी कबूल केलं होतं.

मित्रांनो, एवढा गोड आवाज माझ्या आत कसा मावतो, याचं मलाच नवल वाटे. डिस्कवर त्याचे तुकडे पडलेले असतात. कुठला तुकडा कुठं ठेवला, याची एक मांडणी असते. ती बिघडली की आवाज असूनही सापडत नाही. मांडणीत खोट दिसली, की पहिल्यांदा कळतं ते माझ्या गाभ्याला. माझा सगळा कारभार चालवणारा मूळ प्रोग्राम तो, त्याला इंग्रजीत कर्नेल म्हणतात. पण गाभा पडला अबोल! कुणी कान लावून बसलं, तरच तो वर्दी देतो.

म्हणून मंजुषानं एक छोटा पहारेकरी प्रोग्राम बसवला आणि त्याचं नाव ठेवलं चोपदार. गाभ्यानं वर्दी दिली, की यानं आवाज करायचा. आधी भोंगा लावला होता, पण सासूबाई आवडाबाई दचकून म्हणाल्या, "आगं बाई, माझा जीव जाईल की!" मग मंजुषानं हसत हसत टाळाचा आवाज लावला.

यंदाही पाऊस रुसला. गल्लीत मजल्यावर मजले चढले होते. आठवड्यातून एकदा नळ आला की साऱ्या घरांच्या पाण्याच्या मोटारी एकदम सुरू होत, दिवे मिणमिणत आणि माझा श्वास मध्येच तुटे. माझी मांडणी हळूहळू खिळखिळी होत गेली.

एका दुपारी दोघं म्हातारी माणसं कीर्तन ऐकत बसली होती. महाराजांनी अभंग धरला आणि टाळ खणखणला.

"आगं, काय गोड वाजिवतंय!" बद्रीनाथ खूष झाले. "ह्यो मीच."

"व्हय, तुम्हीच. सगळ्या जगात तुम्ही एकलेच टाळकरी!"

अभंग थांबला, महाराज अर्थ सांगू लागले, आणि टाळ पुन्हा वाजला. आवडाबाईंचा हात जपमाळेवर थांबला.

"आवो, निरूपणात टाळ? महाराज बोलायला लागले की तुम्ही बोट तरी हलवायचे का?"

"नाय." बद्रीनाथांचा चेहरा उतरला. "महाराजांनी तिथंच उठवलं असतं मला. ह्यो मी नाय."

त्यांना चोपदाराची आठवण झाली आणि त्यांनी लगेच मंजुषाला फोन लावला.

"मामा, कीर्तन थांबवा. बाकी कशाला हात लावू नका, मी निघाले!"

ती रिक्षानं धावत आली. गाभ्यानं पहिल्या खोटेची जागा नेमकी सांगितली होती आणि पुढच्यांची नुसती संख्या. त्या खुणेवरून तिनं आधी धडधाकट कीर्तनं दुसऱ्या डिस्कवर उतरवली. मग दुखरी फाइल. सगळं आलं, पण एका कीर्तनाचा शेवट गेला.

"चुकलंच माझं," ती डोळे पुसत म्हणाली. "लोकांना रोज सांगते दुसरी प्रत ठेवा म्हणून, आणि घरात…"

"रडू नको गं," आवडाबाई म्हणाल्या. "तिथं महाराज काय म्हणाले, आमाला ठावं हाय. टँकर आला नाय त्या दिवशी सारजाबाईनं आपली विहीर गावाला मोकळी केली. गुरांना पाणी उरंना म्हून गुरं इकली तिनं, पर कुणाला माघारी लावलं नाय. त्या कीर्तनात महाराजांनी हात जोडून तिचं नाव घेतलं, मगच ते संपवलं."

पुण्यतिथीला देवगावात माझ्यातला आवाज घुमला आणि शेवटाशी येऊन तुटला. तेव्हा बद्रीनाथ उठले आणि हात जोडून उरलेलं बोलले.

मित्रांनो, जे मोलाचं आहे ते एकाच जागी ठेवू नका, आणि आतून कुणी वर्दी देत असेल तर ऐका. ते एक नाव मात्र माझ्या कुठल्याच डिस्कवर नाही, म्हणून तुमच्याकडे ठेवायला देतो. घोटभर पाणी प्याल तेव्हा सारजाबाईंची आठवण करा.