मराठीतली गरमी

योनीच्या तोंडाशी, उजव्या कडेला आलेली जखम मसुराच्या दाण्याएवढी होती. गोल, टणक काठाची, स्वच्छ. दुखत नव्हती, म्हणून नेहाला तिची भीतीही वाटली नव्हती. चार आठवड्यांत ती आपोआप गेली, डागही राहिला नाही.

आता दीड वर्षाने देवासच्या दवाखान्यात डॉक्टर ऋजुता त्याच जखमेबद्दल विचारत होत्या. सव्वा महिन्यापूर्वी नेहाला सातव्या महिन्यात मुलगी झाली होती, मेलेली. तेव्हापासून ती इथे माहेरीच होती. आज धारहून सासूबाई, इंदिराबाई, तिला न्यायला आल्या होत्या. शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या. 'कधी येतेस?' या प्रश्नाला नेहा महिनाभर फोनवर 'बघते' एवढंच म्हणत आली होती.

"दुखऱ्या पुटकुळ्या होत्या का, पुष्कळशा?"

"नहीं, एकच. दर्द बिलकुल नव्हता. नंतर तळहातांवर लाल डाग आले, तेही गेले."

"कुणाला सांगितलंस?"

"आईसाहेबांना." नेहाने सासूबाईंकडे पाहिलं. "म्हणाल्या, गरमी झालीय. मग मी पंधरा दिवस सब्जाचं पाणी प्यायले."

ऋजुतांचं पेन थांबलं. "हिंदीत म्हणाल्या की मराठीत?"

नेहाला हसूच आलं. "मराठीत. घरात हिंदी बोललं की रागावतात."

डॉक्टरांनी इंदिराबाईंकडे पाहिलं. इंदिराबाईंनी मान खाली घातली.

"नेहा, जुन्या मराठीत गरमी म्हणजे नुसती उष्णता नव्हे. सिफिलिसचंच नाव ते. शरीरसंबंधातून लागतो. जखम भरते, पण आजार रक्तात राहतो आणि पोटातल्या बाळापर्यंत जातो. तुझ्या रक्तात तोच निघालाय. इंजेक्शनांनी बरा होतो. तेव्हाही झाला असता."

"पण धारला दिवस राहिल्यावर रक्त तपासलं होतं. रिपोर्ट आणायला हेच गेले होते. 'सब ठीक है' म्हणाले." बोलता बोलताच तिला कळलं. ती सासूकडे वळली. "आईसाहेब, तुम्हाला माहीत होतं?"

इंदिराबाई बोटाला पदर गुंडाळत होत्या, सोडत होत्या. "माझी तीन गेली, सूनबाई. मग सुया घेतल्या, तेव्हा राजवीर झाला. मलाही सासूबाई एवढंच म्हणाल्या होत्या, गरमी आहे. कुणाकडून आली, ते विचारायचं नाही." त्यांचा आवाज बारीक झाला. "शब्द तर मी तुला सांगितला होता गं. वाटलं, समजेल तुला."

"मैं तो हिंदी मीडियम की हूँ," नेहा म्हणाली आणि तिला रडू कोसळलं.

"राजवीरचीही तपासणी व्हायला हवी," ऋजुता म्हणाल्या.

"मी त्याला समजावते. माझं ऐकेल तो." इंदिराबाई उठल्या. "चल, गाडी उभी आहे. घरी जाऊन बोलू."

नेहाने डोळे पुसले, टेबलावरचा रिपोर्ट घडी करून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला.

"गाडी घेऊन तुम्ही जा, आईसाहेब. मी धारला येणार नाही."