खालच्या वस्तीचा जबाब

सगळं गाव तिला आत्या म्हणायचं. तिच्याहून वयानं मोठे, दात पडलेले पुरुषसुद्धा. तिचं रेडिओ केंद्र नवं होतं तेव्हा तिची भाची शाळा सुटल्यावर तिथेच खेळत बसायची. एकदा माइक चालू असताना ती आत येऊन म्हणाली, "आत्या, मला शू लागलीय." गावानं ते रेडिओवर ऐकलं, पोटभर हसून घेतलं आणि त्या दिवसापासून ती गावाचीच आत्या झाली. भाची पुढे लग्न करून दूर गेली. नाव इथेच राहिलं.

केंद्र म्हणजे टेकडीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एकीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, मध्ये टेबल आणि माइक. दुसरीत ट्रान्समीटर आणि त्याला तळहाताच्या फोडासारखं जपणारा मिस्त्री. मिस्त्री कमी बोलायचा आणि बोलला की बहुधा वाईट बातमीच सांगायचा, म्हणून आत्या त्याला आधी चहा पाजायची, मग विचारायची.

रोज कार्यक्रम सुरू करताना ती म्हणायची, "काय मंडळी, आवाज येतोय ना?" पहिल्या दिवसांत यंत्राचा भरवसा नव्हता, तेव्हा ती खरंच विचारायची. लोक आपापल्या घरात, रेडिओकडे तोंड करून उत्तर द्यायचे, "स्वच्छ!" पुढे यंत्र सुधारलं तरी रीत राहिली. बाजारात आत्या दिसली की भाजीवाली पालेभाजीवर पाणी मारता मारता ओरडायची, "स्वच्छ, आत्या, स्वच्छ!" पोरं ओरडायची, पोरांचे बाप ओरडायचे. एकदा अंत्ययात्रेत एकानं तिला बघून सवयीनं हळूच 'स्वच्छ' म्हटलं होतं, आणि मग जीभ चावली होती.

मग मोठ्या कंपनीचं केंद्र आलं. परवाना मंडळानं त्यांना आत्याच्या अगदी शेजारचा चॅनल दिला, आणि त्यांनी मनोरा उभा केला तो नेमका टेकडीच्या कडेला, खालच्या वस्तीच्या डोक्यावर.

"त्यात बिघडलं काय?" आत्यानं चहा पाजून विचारलं. "शेजार तर शेजार."

"शेजारच्या खोलीत कुणी ढोल बडवायला बसला," मिस्त्री म्हणाला, "तर आपल्या खोलीतली कुजबुज ऐकू येईल?"

"आपण कुजबुज?"

"यंत्राच्या हिशेबानं."

आत्याला ते लागलं, पण पटलं नाही. पटलं ते पाणी बंद राहिलं त्या दिवशी. आदल्या दिवशी तिनं सकाळ-संध्याकाळ सांगितलं होतं, उद्या नळाला पाणी नाही, भरून ठेवा. गावभर पिंपं भरली गेली. खालच्या वस्तीत तांब्याभरही पाणी कुणी भरलं नव्हतं. बायका कळश्या घेऊन टेकडी चढून वर आल्या, आणि आत्यानं त्या रांगेकडे खिडकीतून बघितलं.

तिनं मंडळाकडे तक्रार केली. नियम तिच्या बाजूचा होता. आधी परवाना असलेल्याच्या हद्दीत नव्या केंद्रानं अडथळा आणला, तर नव्यानं चॅनल बदलायचा किंवा प्रक्षेपणाचा जोर कमी करायचा. अडथळा सिद्ध करायचे मार्ग दोन. एक तर यंत्रानं मोजणी, नाहीतर श्रोत्यांचे जबाब. एक निवडायचा, मग बदलता येत नाही. मिस्त्रीनं मोजणी केव्हाच करून ठेवली होती.

"यंत्राला काय विचारता?" आत्या म्हणाली. "यंत्र ऐकतं का माझा कार्यक्रम? माणसांना विचारा. माझी माणसं आहेत ती."

मिस्त्री दुसरा चहा न घेताच उठला.

अट एकच होती. पाहणी होईपर्यंत केंद्रानं श्रोत्यांशी त्याबद्दल बोलायचं नाही, रेडिओवरून तर चकार शब्द काढायचा नाही. आत्यानं ती अक्षर न् अक्षर पाळली. थोरल्या बहिणीलाही, जी खालच्या वस्तीतच राहायची, तिनं काही सांगितलं नाही.

पाहणीचे साहेब येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी खालच्या वस्तीचं शिष्टमंडळ जिना चढून वर आलं. न्हावी, पेन्शनीतले पोस्टमन आणि पिठाच्या गिरणीवाली, तिच्या भुवयांवर अजून पीठ.

"आत्या, चहा मागवा," न्हावी खुर्ची ओढत म्हणाला. "आज आमचा मान आहे."

"कशाबद्दल?"

"साहेब आला होता. तुमच्या केंद्राची परीक्षा घ्यायला. मोठ्या कंपनीनंच लावून दिला असणार, दुसरं कोण? मला विचारतो, हे केंद्र ऐकू येतं का? म्हटलं, ऐकू येतं म्हणजे? बाई इथे खुर्चीत बसून बोलतायत असं वाटतं. दाढी करू का विचारावंसं वाटतं."

"मी सांगितलं," पोस्टमन म्हणाले, "माझा एक कान गेलाय, तरी येतं."

"मी म्हटलं, गिरणी चालू असतानासुद्धा येतं," गिरणीवाली म्हणाली. "त्यानं लिहून घेतलं ते. दोनदा विचारून."

आत्यानं टेबलाची कड धरली. "दुसऱ्या कुणाचा आवाज मध्ये घुसतो का, असं नाही विचारलं त्यांनी?"

"विचारलं की," न्हावी म्हणाला. "तिथेच तर त्याचा डाव होता. आम्ही काय दुधखुळे आहोत? म्हटलं, छे छे. केसाएवढाही नाही. सगळ्या वस्तीनं एकमुखानं सांगितलंय, आत्या. एकही फुटला नाही."

"पण खरंच येतो का आवाज?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मग तिघंही एकदम, शाळेतल्यासारखं, "स्वच्छ!"

मिस्त्री दारात चहाचा ट्रे घेऊन उभा होता. आत्यानं तिघांच्या हातात कप दिले, गिरणीवालीला साखर जास्त लागते हेही लक्षात ठेवलं. आपलेच दात, आपलेच ओठ.

मंडळाचा निकाल आला तो मिस्त्रीनं उभ्याउभ्याच वाचला. तक्रार फेटाळली. श्रोत्यांच्या म्हणण्यानुसार अडथळा नाही. उलट, हद्दीच्या टोकाला आणि गिरणीच्या आवाजातही केंद्र इतकं उत्तम ऐकू येत असेल, तर त्याचा जोर गरजेपेक्षा जास्त आहे. तो अर्ध्यावर आणावा.

"अर्ध्यावर म्हणजे कुठपर्यंत?"

"बाजारापर्यंत," मिस्त्री म्हणाला. "वारा असेल तर बाजाराच्या अलीकडे."

आणि परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली की मंडळ म्हणणार, बाजारापुरत्या केंद्राला अख्खा चॅनल कशाला? शेजारची कंपनी तो मागायला टपलेलीच होती. हे सांगायला मिस्त्रीची गरज नव्हती.

वकीलबाई तालुक्याच्या कोर्टात बसायच्या, आत्याच्या शाळेतल्या मैत्रिणीची मुलगी. त्यांनी कागद दोनदा वाचले. "अपील करता येईल, मावशी. पण ज्यांनी जबाब दिले त्यांनीच प्रतिज्ञापत्रावर सांगायला हवं की आवाज येत नाही. निदान पाच-सहा तरी हवेत."

"त्यांना काही त्रास?"

"तंबी मिळेल फार तर. भलेपणानं चुकले म्हणून सांगू. ऐकणाऱ्यांना कुणी फासावर देत नाही."

"मग सोपं आहे," आत्या म्हणाली. "माझ्यासाठी ते काहीही करतील."

वकीलबाईंनी चष्मा पुसला. "तेच तर झालंय ना."

दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं झाल्यावर आत्या पिशवीत प्रतिज्ञापत्रांचे कागद घालून टेकडी उतरली. न्हाव्याच्या दुकानात एक गिऱ्हाईक तोंडाला फेस लावून बसलं होतं आणि फळीवरच्या रेडिओवर गाणं चालू होतं. आत्या दिसताच न्हाव्यानं वस्तरा ठेवला आणि घाईघाईनं बटण फिरवलं. नुसती खरखर आली, आणि खरखरीच्या आडून तेच गाणं.

"तुमचंच लावलं होतं," तो म्हणाला.

"ऐकू येतंय यात काही?"

"येतं हो. जरा कान दिला की येतं."

आत्यानं त्याला सगळं समजावून सांगितलं. गिऱ्हाइकाच्या तोंडावरचा फेस वाळत आला. न्हावी आरशातून तिच्याकडे बघत होता, तोंडाकडे बघण्यापेक्षा त्याला ते सोपं जात असावं.

"म्हणजे मी लिहून द्यायचं, की आत्याचं केंद्र ऐकू येत नाही?"

"हो."

"वस्तीतला पहिला माणूस म्हणून माझं नाव लागणार. आत्याचा आवाज ज्याला नकोसा झाला तो." त्यानं मान हलवली. "हात झडेल माझा. दुसरं काही सांगा. मनोरा पाडायला सांगा, आज जातो."

पोस्टमन म्हणाले की सरकारी माणसाला एकदा दिलेला शब्द ते फिरवत नाहीत, उभ्या नोकरीत फिरवलेला नाही. गिरणीवाली रडायलाच लागली. "आम्ही चुकलो का, आत्या?" आत्याला तिचीच समजूत घालावी लागली, नाही गं, कुठे चुकलात, आणि त्यानंतर कागद पिशवीतून काढायला तोंड उरलं नाही. पुढच्या घरांतही हेच. कुणी पाणी दिलं, कुणी खुर्ची पुसून दिली. तिच्या तोंडावर, तू ऐकू येत नाहीस, एवढं म्हणायला अख्ख्या वस्तीत एक माणूस तयार नव्हता.

शेवटी ती ताईकडे गेली.

ताई तिच्याहून बरीच मोठी. आई गेल्यावर तिनंच हिला वाढवलेलं. गुडघे गेल्यापासून ती बाहेर पडत नसे. दारात शिलाई मशीन आणि उशाशी रेडिओ. आत्या चपला काढत होती तेव्हा आतून एका मुलीचं हसणं ऐकू आलं, मग टक आवाज झाला आणि शांतता.

"बंद का केलंस?"

"तू आलीस ना. तुझ्याशी बोलू की त्याच्याशी?"

आत्या पलंगावर टेकली. "ताई, मी ऐकू येते का तुला?"

मशीनचं चाक थांबलं. ताईनं दोरा दातानं तोडला, कपडा बाजूला ठेवला.

"नाही गं."

"कधीपासून?"

"तो मनोरा झाला तेव्हापासून. आधी खरखर यायची. म्हटलं, खरखरीत का होईना, आहेस. मग तीही येईना."

"आणि रोज फोनवर सांगतेस ते? आज छान झालं म्हणून?"

"छानच झालं असणार. इतकी वर्षं होत होतं ना?"

आत्याला हसू आलं. टेकडी उतरल्यापासून पहिल्यांदाच. "आणि साहेबाला?"

"सगळ्यांनी सांगितलं तेच. वस्ती बरं सांगणार आणि सख्खी बहीण वाईट? लोकांनी शेण घातलं असतं तोंडात."

आत्यानं तिलाही सगळं सांगितलं. ताईला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तिनं चष्मा बदलला, पेन मागितलं. "दे इकडे. तुझं केंद्र जातंय आणि ही माणसं शब्द सांभाळत बसलीत. कुठे करायची सही?"

तिनं पेन टेकवलं आणि थांबली.

"मग त्यांचं काय होणार?"

"कुणाचं?"

"त्यांचं. त्या केंद्राचं."

"चॅनल बदलतील. नाहीतर जोर कमी करतील."

"इथे येणार नाही मग?"

"जोर कमी केला तर नाही येणार."

ताईनं मान डोलावली. कागदाकडेच बघत ती म्हणाली, "या वेळेला एक मुलगी असते त्यांची. जुनी गाणी लावते. विशेष काही सांगत नाही, तुझ्यासारखं नाही. पण शिवताना बरं वाटतं गं. घरात कुणी आहे असं वाटतं." आणि मग घाईनं, "ते असू दे. तू आधी." तिनं नावाचं पहिलं अक्षर काढायला घेतलं.

आत्यानं तिच्या हातावर हात ठेवला. "राहू दे."

"का? करते म्हटलं ना."

"एकीच्या सहीनं भागत नाही."

ते खरंच होतं. पण हात तिनं त्यासाठी धरला नव्हता. आज ती वस्तीतून घराघरांत फिरली होती आणि प्रत्येक खिडकीतून याच एका मुलीचा आवाज येत होता. तिची चाहूल लागली की एकेक खिडकी गप्प होत होती. तिनं ते ऐकलं होतं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं, इतकंच. खालच्या वस्तीनं साहेबाला खोटं सांगितलं ते प्रेमापोटी, यात शंका नव्हती. आणि प्रेम वर टेकडीवर राहिलं होतं. कान केव्हाच दुसरीकडे गेले होते. मनानं एकही वाईट नव्हता. वाईट असता तर भांडता आलं असतं.

"मग अपिलाचं?" ताईनं विचारलं.

"नाही करत." तिनं कागद घडी करून पिशवीत टाकले. "मिस्त्रीला सांगते, जोर उतरव म्हणून."

"अगं, पण..."

"लाव तो. तिचा कार्यक्रम संपेल."

ताई नको नको म्हणत राहिली, हात मात्र रेडिओपर्यंत जाऊन परत आला. शेवटी आत्यानंच बटण दाबलं. मुलगी कुठल्याशा गाण्याबद्दल बोलत होती. वाक्याच्या मध्येच श्वास घ्यायची, शब्दांची टोकं खायची. कुणी शिकवलेलं नव्हतं तिला. पण हसायची छान, उगाच नाही हसायची.

"बरी बोलते," आत्या म्हणाली.

"हो ना?" ताईचा चेहरा असा खुलला की आत्याला तिकडे बघवेना. "लग्न ठरलंय तिचं. परवा सांगत होती. मुलगा दूरचा आहे, काळजीच वाटते."

"असं?"

"मग काय. सासरी जाऊ देतात का रेडिओवर, कोण जाणे."

मशीन पुन्हा चालू झालं. आत्या पलंगावर पाय घेऊन बसली. तिचाही दुपारचा कार्यक्रम याच वेळेला असायचा. वर गाद्यांच्या खोलीत माइकसमोर खुर्ची रिकामी होती आणि मिस्त्री जिन्याकडे कान लावून बसला असणार. ताईला त्या कार्यक्रमाची आठवण झाली नाही, आणि आत्यानंही ती करून दिली नाही.