टाकीतला होकार

नणंद-भावजयीचं पटतं असं सांगितलं की लोकांना खोटं वाटतं. वाटू दे. माझ्या वहिनीबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं तर त्याला पुरून उरायला मी एकटी पुरेशी आहे. तसंही भांडण हा आमच्या घरचा जुना धंदा आहे.

दुसरा धंदा टाक्या साफ करण्याचा. कारखान्यांचं सांडपाणी जमिनीखालच्या टाक्यांत साचतं आणि तळाला गाळ बसतो. तो काढायला दादा आत उतरतो. वर लोखंडी तिपाई उभी असते, तिच्यावर दोर गुंडाळायचं विंच. ते मी फिरवते. आणि वहिनी टाकीच्या तोंडाशी बसून बोलते. हसू नका, तेच तिचं काम. नगरपालिकेचा नियम आहे की आत माणूस असेपर्यंत तोंडाशी बसलेल्याने जागचं हलायचं नाही आणि आतल्याला बोलतं ठेवायचं. उत्तर आलं नाही, की लगेच ओढायचं.

हा नियम आमच्या गळी उतरवला थांबासाहेबांनी. ते नगरपालिकेचे सुरक्षा निरीक्षक. फाटकातून आत पाऊल टाकताना पहिला शब्द "थांबा!" हाच, म्हणून हे नाव. पूर्वी दादा कमरेला दोर बांधून शिडीने सरळ उतरायचा. साहेबांनी एकदा भर दुपारी काम अडवलं. तिपाई, विंच आणि अंगावरचा पट्टा आणल्याशिवाय उतरायचं नाही म्हणाले. दादाने त्यांना नाही नाही ते ऐकवलं. साहेब तापलेल्या लोखंडी झाकणावर जाऊन बसले. "मी उठलो की तुम्ही उतराल," म्हणाले, आणि आम्ही सामान आवरून निघेपर्यंत उठले नाहीत. बुडाला चटके बसले असतील, पण चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. त्या दिवसापासून मी त्यांना मनातल्या मनात हात जोडते. दादासमोर नाही, एवढी काही मला हौस नाही.

ही गोष्ट फळांच्या रसाच्या कारखान्यातली. त्या आठवड्यात घरात दादा-वहिनीचा अबोला होता. माझ्या भाचीला दूरच्या शहरात यंत्रांच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला होता आणि येते की नाही, हे दुसऱ्या दिवशी कळवायचं होतं. वहिनी म्हणत होती, जाऊ दे. दादा म्हणत होता, परक्या गावी एकटी पोरगी, नाही म्हणजे नाही. बाकीचं सगळं बोलणं माझ्यामार्फत. "तुझ्या दादाला सांग, जेवायला वाढलंय." दादा समोरच, ताटावर बसलेला!

पण टाकीवर अबोला चालत नाही. सकाळी साहेबांनी मीटर आत सोडून हवा तपासली, आत ताजी हवा ढकलणाऱ्या ब्लोअरची नळी पाहिली, दादाच्या पट्ट्याला हिसका देऊन बघितला आणि परवानगीवर सही केली. मग ते पलीकडच्या शेडमधलं दुसरं काम बघायला गेले. दादा उतरला. वहिनीने पदर खोचला आणि तोंडाशी बैठक मारली.

"अहो, ठीक?"

"ठीक," खालून घुमलं.

"हवा येतेय?"

"येतेय."

"पोरीचं उद्या कळवायचंय."

"तो विषय इथे नको."

"मग कुठे? घरी तुम्ही तोंडाला कुलूप लावता. इथे तुम्हाला बोलावंच लागतं."

कारखान्याचा मुकादम आणि दोन-चार कामगार गंमत ऐकायला जवळ सरकले. फुकटचं नाटक कुणाला नको असतं?

"तुझा भाऊ गेला होता ना बाहेरगावी शिकायला," दादा म्हणाला, "काय दिवे लावले त्याने?"

"माझ्या भावाचं नाव काढायचं काम नाही!"

दादा माझ्या वहिनीच्या भावाला लग्नातल्या जेवणाच्या पंगतीपासून पाण्यात पाहतो. का, ते आता दोघांनाही आठवत नसेल. बराच वेळ असं चाललं. खाली फावड्याचा आवाज, वर वहिनीचा. मग फावडं जरा मंदावलं.

"ती काही कुक्कुलं बाळ नाही आता," वहिनी म्हणाली.

"हं."

"तुम्ही तिच्या वयाचे असताना घर सोडून निघाला होतात."

"हं. बरोबर."

"काय बरोबर?"

"तुझंच बरोबर आहे गं. जाऊ दे तिला." थोडं थांबून तो पुढे म्हणाला, "तुझा भाऊपण चांगला माणूस आहे."

मुकादमाने टाळीच वाजवली. "जिंकलात वहिनी!" मीही हसले. वाटलं, सुटलो बाई एकदाचे.

वहिनीचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

"ओढ!" ती मला म्हणाली.

"अगं, पण तो बोलतोय की..."

"ओढ म्हणते ना! हा माणूस शुद्धीवर नाही!" आणि तिने गळ्यातली शिट्टी जीव खाऊन फुंकली.

मी विंचाला भिडले. एक कामगार चपला काढून शिडीकडे धावला. वहिनीने बसल्या जागेवरून त्याची कॉलर धरली. "माझा नवरा आहे आत. मी उतरले का? मग तूही उतरायचं नाही. आत गेलास तर तुलाही काढावं लागेल." तो जागीच थबकला. खरं सांगते, तिच्या जागी मी असते तर नियमबियम खड्ड्यात घालून उडी मारली असती, आणि दादाबरोबर मीही मेले असते. ती वाकून बोलतच राहिली. "अहो, बोला. अहो." खालून "जाऊ दे, जाऊ दे" असं पुटपुटणं आलं, आणि मग तेही बंद झालं.

दादा वर आला तेव्हा ओठ निळे पडले होते आणि मान लुळी. थांबासाहेब धावत आले. त्यांनी नळीचा माग काढला. भिंतीआड कुणीतरी खोक्यांनी भरलेली हातगाडी लावली होती आणि तिचं चाक नेमकं हवेच्या नळीवर होतं. हवा बिघडली की वाजणारा दादाच्या छातीवरचा मीटर गाळाने माखून मुका झाला होता. कारखान्याच्या फाटकाला साहेबांनी तिथल्या तिथे टाळं लावलं.

दादाला आत ऑक्सिजनवर ठेवल्यावर दवाखान्याच्या बाकावर त्यांनी वहिनीला विचारलं, "उत्तर तर येत होतं. मग ओढलंत कसं?"

"साहेब, इतक्या वर्षांत यांनी माझं बरोबर आहे असं कधी म्हटलं नाही. आणि माझा भाऊ चांगला? तेव्हाच मी ओळखलं."

साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. "नियमात मी 'उत्तर आलं पाहिजे' एवढंच घातलं," ते म्हणाले. "'नेहमीसारखं उत्तर', असं घालायला हवं होतं." पुढे त्यांनी ते घातलंही. आता कुठेही टाकी उघडायची असली, की तोंडाशी आतल्याला ओळखणारंच माणूस बसवावं लागतं.

भाची रडत आली. बाबा हो म्हणाले, हे तिला कामगारांकडून कळलं होतं. वहिनीने तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, "टाकीतलं बोलणं मी धरत नाही. ते तुझे बाबा बोलत नव्हते."

माझं डोकंच फिरलं. "वहिनी, आयतं पदरात पडलंय, घे की! उद्या शेवटचा दिवस आहे!"

"बेशुद्ध माणसाचा होकार घेऊन पोरीला पाठवू? आणि मग जन्मभर त्यांच्या डोळ्याला डोळा कसा देऊ?"

मी कपाळावर हात मारला. काय बाई ही!

संध्याकाळी दादाने डोळे उघडले. नर्सने तोंडावरचा मास्क काढला. त्याने आधी मला विचारलं, "ही कुठे होती?"

"तोंडाशी. एक इंचही हलली नाही. दुसऱ्यालाही उतरू दिलं नाही."

त्याने मान वहिनीकडे वळवली. मग तिला म्हणाला, "मी आत काहीतरी बोललो वाटतं."

"ते मी धरत नाही," वहिनी म्हणाली.

"मग आता धर. जाऊ दे तिला."

वहिनी ताडकन उठली. पुन्हा तसाच पांढरा चेहरा. तिने ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा बघितला, दादाचे ओठ बघितले, नखं बघितली. मग त्याच्यावर वाकून विचारलं, "माझा भाऊ कसा माणूस आहे?"

"बिनडोक!" दादा खेकसला. "शंभरदा सांगितलंय, त्याला काडीची अक्कल नाही!"

वहिनी त्याच्या खाटेवर मटकन बसली आणि सकाळपासून दाबून धरलेलं रडू तिने मोकळं केलं. रडता रडताच मान वळवून ती भाचीला म्हणाली, "शुद्धीवर आहेत. कळव त्यांना, येते म्हणून."