आसावरीची बारशाची वाटी

मी एक वाटी बोलतेय. स्टीलची, छोटीशी. मोठ्या वाट्यांच्या रांगेत मला उभं केलंत, तर कुठल्या तरी डब्याचं झाकण चुकून इथे आलंय असंच वाटेल तुम्हाला. वय वर्षं चव्वेचाळीस. कमरेला एक पोचा आलाय, बूड डगमगतं, त्यामुळे ओट्यावर ठेवलं की मी क्षणभर डुलते. लोकांना तो नखरा वाटतो. नखरा कसला, वय झालं!

माझ्या अंगावर नाव कोरलंय: 'चि. आसावरीच्या बारशानिमित्त, आत्याकडून.' बेळगावच्या भांडेवाल्यानं ते यंत्रानं टर्रर्र करत कोरलं, तेव्हा इतक्या गुदगुल्या झाल्या की 'निमित्त'चा शेवटचा त थोडा खालीच घसरला. बारशाच्या दिवशी पाळण्यात आसावरी होती आणि पाळण्याखाली आम्ही सहा जणी. बाकीच्या पाच जणी हळूहळू गेल्या. एक शाळेच्या डब्यातून गेली ती आलीच नाही, एक शेजाऱ्यांकडे कायमची राहिली. मी तेवढी आसावरीबरोबर लग्न होऊन बेंगळुरूला आले, कोरमंगलाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये.

इथे वीस वर्षं माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. आसावरीला जेवायला मोठा वाडगा लागायचा. माझ्यात कधी मीठ, कधी सेफ्टी पिना. मी तिला मनातल्या मनात चिडवायचे, 'अगं, आपण दोघी एकाच दिवशी घरात आलो, तू बघ कुठच्या कुठे पोचलीस!' पोचली होती एकशे बारा किलोवर. मग गुडघे दुखायला लागले, साखर वाढली, झोपेत श्वास अडकायला लागला. तीन वर्षांपूर्वी तिनं पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टरांनी पोटाचा बराच भाग काढून टाकला आणि केळ्याएवढी पिशवी शिल्लक ठेवली.

हॉस्पिटलमधल्या आहारतज्ज्ञ भूमिका मॅडमनी सांगितलं, "घरातली सगळ्यात लहान वाटी शोधा. यापुढे एका वेळचं जेवण तेवढंच."

आसावरीनं अख्खं कपाट उपसलं. सेफ्टी पिना ओतून मला बाहेर काढलं, अंगठ्यानं नाव पुसलं आणि हसली. मीही डुलले.

पहिलं वर्ष मी राणीसारखी जगले. आधी डाळ, अंडं, पनीर, मग जागा उरली तर भाताची चार शितं. घास चावून चावून अगदी पातळ करायचा, जेवताना पाणी नाही. वीस मिनिटं झाली तरी माझ्यातलं अर्धं तसंच. अडतीस किलो उतरले. साखरेच्या गोळ्या बंद झाल्या. रिकामं पाकीट तिनं कचऱ्यात टाकलं, ते नवऱ्याला, पद्माकरला, बोलावून, त्याच्या डोळ्यांसमोर.

दुसऱ्या वर्षी भूक परत आली. न कळवता. तिच्याबरोबर कुंदा आला, पण तो मात्र दर दोन महिन्यांनी रीतसर कळवून, बेळगावहून येणाऱ्या सासूबाईंच्या पिशवीतून. बेळगावचा कुंदा म्हणजे दूध आटवून आटवून केलेला, तपकिरी, मऊ, गोड. भाकरी त्या छोट्या पोटात अडून बसते, पण कुंदा सुळकन खाली उतरतो. पोटाला कळतच नाही की कुणी आलंय.

"चमचाभर खा की गे," सासूबाई म्हणायच्या. आणि खाल्ला की म्हणायच्या, "डॉक्टरनं पोट कापलं, जीभ तशीच ठेवली काय?"

आसावरीनं शहाणपणा केला. घरातच नको म्हणून कुंदा माझ्यात भरला आणि समोरच्या फ्लॅटमध्ये कावेरी अक्काकडे देऊन आली. सुटली असं तिला वाटलं. आणि इथेच फसली.

कारण आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. कावेरी अक्कांकडेही देत नाहीत. संध्याकाळी मी परत आले ती केशरी शिऱ्यानं भरून, वर तुपाचा ओघळ. दुसऱ्या दिवशी आसावरीनं माझ्यात उपमा पाठवला, म्हणजे गोड येणार नाही. आलं पायसम. तिनं कारल्याची भाजी पाठवली. ओब्बट्टू आला, म्हणजे इकडची पुरणपोळी, दुमडून, कोंबून. दोन दारांच्या मधली नऊ पावलं मी इतक्या वेळा चालले की वॉचमनपेक्षा माझ्या फेऱ्या जास्त झाल्या असतील.

आणि खरं सांगू? नंतर नंतर आसावरी मुद्दाम पाठवायला लागली. कावेरी अक्कांच्या हातून तिनं मला घेतलं, की स्वतःच्या दारापर्यंत पोचायच्या आत मी रिकामी. उभ्यानं, जिन्याकडे तोंड करून खाल्लेलं मोजायचं नाही, असा नियम तिनं स्वतःच काढला होता. माझ्यावर तिचं नाव कोरलंय, आणि माझ्यासमोरच लपवाछपवी!

एका दुपारी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून तिनं माझ्यातला शिरा संपवला. दहा मिनिटांत अंगाला दरदरून घाम, छातीत धडधड. त्या छोट्या पोटात गोड एकदम उतरलं की असंच होतं. ती थंडगार फरशीवर आडवी झाली. त्या खेपेला सासूबाई घरातच होत्या, धावत आल्या.

"काय झालं गे?"

"काही नाही आई. ऊन लागलं."

"घरात?"

मी टेबलावर, कडेला तुपाचा पुरावा घेऊन. मला बोलता आलं असतं तरी मी तेव्हा बोलले नसते.

वजन नऊ किलो वाढलं. तिनं वजनकाटा पलंगाखाली ढकलला आणि मला कढईच्या मागे पालथं घातलं. चार महिने. मोठा वाडगा परत टेबलावर आला. भूमिका मॅडमचे मेसेज यायचे, 'तपासणीला कधी येताय?' आसावरी लिहायची, 'ट्रॅफिक फार आहे.' बेंगळुरूत या कारणाची कुणी उलटतपासणी करत नाही.

पालथं पडलं की फार विचार येतात. मला वाटायचं, बाई गं, पडलीस तर पडलीस, पण पडल्यावर तोंड का लपवतेस? पोचा मलाही आहे. मी अजून वाटीच आहे ना?

मग एका सकाळी साखरेची गोळी परत सुरू झाली. पद्माकर होसकोटेच्या कारखान्यात गेला होता. पाकीट हातात घेऊन आसावरी स्वयंपाकघरात बराच वेळ उभी राहिली. रडेल असं वाटलं. रडली नाही. कढई बाजूला सारली, मला उचललं, खसाखसा घासलं, इतकं की कोरलेलं नाव अर्धं जातं की काय असं वाटलं, आणि पर्समध्ये कोंबलं.

भूमिका मॅडमच्या टेबलावर तिनं मला ठाण्णकन ठेवलं. मी डुलले.

"हिची काही चूक नाही," आसावरी म्हणाली. "मी हिला दिवसातून दहादा भरायचे, मग कढईमागे लपवलं. उभ्यानं खाते. नऊ किलो वाढलेत. बोला काय बोलायचं ते. पण मी सोडून देणार नाहीये, ते आधीच सांगते."

भूमिका मॅडमनी मला हातात घेऊन माझ्यावरचं नाव वाचलं. "दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी भूक परत येते, पुष्कळ जणांना येते. वजनही थोडं चढतं. तुमचं एवढंच चुकलं, की तुम्ही यायचं थांबवलंत. गोड कुठून येतं?"

"समोरून."

"मग समोर जाऊन सांगा."

आसावरी परत आली ती तरातरा, चपला न काढता. कालच आलेल्या सासूबाईंच्या नव्या डब्यातला कुंदा माझ्यात भरला आणि कावेरी अक्कांची बेल दाबली.

"अक्का, हा घ्या. पण वाटी रिकामी परत द्यायची."

"अय्यो, खाली हेगे कोडली?" कावेरी अक्का घाबरल्याच. रिकामी कशी देऊ म्हणतात. "शोभत नाही गं. निदान साखरेचे चार दाणे तरी."

"चार दाण्यांवर थांबायला मला जमत नाही, अक्का. माझं पोटाचं ऑपरेशन झालंय. गोड खाल्लं की मी फरशीवर झोपते. आणि तुमचा शिरा इतका चांगला असतो, की कळत असूनही खाते."

एवढ्या वर्षांत तिनं हे इमारतीत कुणाला सांगितलं नव्हतं. बारीक कशी झालीस, असं विचारलं की म्हणायची, चालते रोज. कावेरी अक्का म्हणाल्या, "सरी बिडी." बरं, राहू दे. आत गेल्या, मला धुतलं, पुसलं आणि दोन्ही हातांनी परत दिलं.

आमच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. सगळं ऐकलेलं. "रिकामं भांडं घेऊन घरात येतीस? असं येतं काय कधी?"

"आजपासून येतं, आई."

"आणि माझा कुंदा?"

"तुमचा कुंदा मी खाणार. चमचाभर, जेवण झाल्यावर, खुर्चीवर बसून, तुमच्यासमोर. जिभेचं मी बघते. तुम्ही डबा तुमच्या खोलीत ठेवा."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कुलूप लावू काय?" म्हणाल्या. पहिल्यांदा आसावरी, मग त्या, दोघी हसायला लागल्या.

याला आता सात महिने झाले. नऊपैकी चार किलो गेले, पाच ठाण मांडून बसलेत. गोळी अजून चालू आहे. मधे दिवाळीत ती दोनदा घसरली, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी वजनकाट्यावर उभी राहिली. पलंगाखाली नाही ढकलला. मी तिच्या ताटात असते, लग्नाकार्यात तिच्या पर्समध्ये. ऑपरेशनचं आता ती लपवत नाही, त्यामुळे पंगतीत कुणी म्हणतंच, "एवढीशी वाटी? ऑपरेशन करूनही फार फरक नाही दिसत!" ती म्हणते, "नाही ना दिसत? वाढा, या वाटीत मावेल तेवढं."

तर वाढणाऱ्यांनो, तुम्हाला माझं एवढंच सांगणं. माझ्यावर शीग लावू नका. आग्रह करायचाच असेल, तर तिला शेजारी बसून गप्पा मारायचा करा. आणि कधी मी तुमच्या घरी आले, तर मला निःशंकपणे रिकामी परत पाठवा. मला मुळीच लाज वाटत नाही. चव्वेचाळीस वर्षांत मी पुष्कळ काय काय भरून आणलं, पण त्या दिवशी दोन्ही हातांत रिकामी परत आले, तेवढी मानाने कधीच आले नव्हते.