पांढऱ्या पट्टीखालचं नाव

"हे काहून दिसून राहिलं, वसंतभाऊ?" खुशालराव वानखडेंनी प्रुफावर बोट ठेवलं.

किशोरच्या, म्हणजे त्यांच्या धाकट्याच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ नुकतंच प्रिंटरमधून निघालं होतं. वधूच्या नावाच्या वर दुसऱ्याच एका शब्दाचा माथा डोकावत होता. शिरोरेघ, वेलांटी, रफार. खुशालरावांना ते नाव लगेच वाचता आलं. पौर्णिमा. त्यांची थोरली सून.

राजापेठेतल्या या दुकानात वसंत कित्येक वर्षं पत्रिका जुळवत होता. नवी पत्रिका तो जुन्या फायलीवरच करायचा. जुनी नावं पुसायची नाहीत, त्यांच्यावर पांढरी पट्टी टाकायची आणि वर नवी बसवायची. कारण आज 'काढा' म्हणणारं गिऱ्हाईक उद्या 'पहिलंच बरं होतं' म्हणत हजर होतं. खुशालरावांच्या बायकोने, पार्वताबाईंनी, श्यामच्या पत्रिकेसारखीच पत्रिका हवी असा हट्ट धरला, म्हणून त्याने श्यामचीच फाईल उघडली होती. श्याम थोरला. धामणगावच्या रस्त्यावर अपघातात गेला. पौर्णिमा सासरीच राहिली.

निमंत्रकांच्या यादीत तिचं नाव नव्हतं. शुभकार्याच्या पत्रिकेत विधवेचं नाव नको, असा व्याह्यांचा निरोप होता आणि जुळलेलं लग्न मोडेल या धास्तीने खुशालरावांनी तो मुकाट मानला होता. आता तेच नाव नव्या सुनेच्या डोक्यावर आलेलं पाहून त्यांचा चेहरा उतरला.

वसंत संगणकावर ते नाव शोधू लागला. तिथे क्लिक केलं की वरची वेलबुट्टीच हाती यायची. नाव टाइप करून शोधलं, तर यंत्र म्हणे असा शब्दच नाही. श्यामच्या पत्रिकेच्या छपाईआधी त्याने अक्षरांची चित्रं करून टाकली होती, ती यंत्राला वाचता येत नव्हती. टॅबची कळ दाबत तो एकेक तुकडा निवडत गेला, पण तुकडे संपेनात. शेवटी त्याने सगळे रंग बंद करून पान नुसत्या रेषांचं केलं. रंग गेले की पट्टीचा आडोसाही जातो. पार्वताकाकू शेजारीच बसल्या आहेत, हे त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

नव्या पत्रिकेखालची सगळी जुनी पत्रिका उघडी पडली. पार्वताबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि एकेक अक्षर लावत वाचू लागल्या. किशोरच्या नावाखाली चि. श्याम होता.

"हा आपला श्याम हाये ना?"

वसंतने मान हलवली. त्याला वाईट वाटलं. पौर्णिमाचं नाव एव्हाना सापडलं होतं. ते चटकन पुसून मोकळं व्हावं म्हणून त्याने कळीकडे बोट नेलं, तर पार्वताबाईंनी त्याचा हात धरला. बोलल्या मात्र नवऱ्याशी.

"मेलेल्याले झाकलं, ते समजते मले. जितीले काहून झाकून राहिले तुमी? वावर ते पाह्यते. किशोरच्या लग्नाचा बस्ता तिनं पसंत केला. अन् पत्रिकेत तिचंच नाव नाही?"

व्याही नाराज होतील, असं काहीतरी खुशालराव पुटपुटले.  पार्वताबाई पडद्याकडेच पाहत राहिल्या. बाहेर शिकवणीची पोरं सुटली होती, गाड्यांचा गलका चालला होता. शेवटी खुशालरावांनी निमंत्रकांच्या यादीत बायकोच्या नावाखाली पौर्णिमासाठी जागा करायला सांगितली.

वसंतने डोकावणारं नाव परत पट्टीखाली सरकवलं, पुसलं नाही. मग रंग चालू केले आणि हलकेच विचारलं, नावाआधी श्रीमती लिहायचं का.

"श्रीमती नोका लिहू," खुशालराव म्हणाले. "पौर्णिमा श्याम वानखडे, असं लिहा. त्याचंबी नाव येऊ द्या."

नवं प्रूफ निघालं. खुशालरावांनी त्याच्या कोपऱ्यावर सही केली. मग दुकानाच्या पायरीवर जाऊन त्यांनी व्याह्यांना फोन लावला, पत्रिकेत थोरल्या सुनेचं नाव आहे एवढं सांगितलं आणि पलीकडून काय उत्तर येतं याची वाट पाहत तिथेच उभे राहिले.